ओळखीपुरता चावा

श्रीकृष्णरावांनी बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, तळातून मूठभर कापूस ओढला, त्यातली एक सरकी दाढेखाली धरली आणि दाबली. मग ती थुंकून म्हणाले, "ओली आहे. परत."

बंडी सेवादासची होती. दिग्रसच्या या खरेदी केंद्राबाहेर तो चार दिवस रांगेत पडून होता. माल कोरडा असला की सरकी दाताखाली कट्कन फुटते आणि ओला असला की नुसती चेपते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओलावा मोजायचं यंत्र कचेरीतल्या कपाटावर धूळ खात पडलं होतं. तीस वर्षं ग्रेडर म्हणून कापूस पारखणाऱ्या माणसाला यंत्र कशाला, अशी साहेबांची ऐट, आणि रांगही ती मानत आली होती. पण यंदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंड्या परत जात होत्या. परत लावलेला कापूस पडत्या भावात व्यापाऱ्याच्याच घशात जायचा.

श्रीकृष्णरावांची मुलगी शाल्मली बापाचा डबा घेऊन वजनकाट्याशी उभी होती. ती अंदमानात स्कूबा शिकवते. पाठीला हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राखाली नेते, शार्क दाखवते. संक्रांतीपुरती घरी आली होती. सकाळीच बाबांनी तिला विचारलं होतं की तो मासा तुला चावत कसा नाही. तिनं सांगितलं, शार्कला हात नसतात, समोर काय आहे ते त्याला चावूनच कळतं. पहिला चावा ओळखीपुरता. एकदा कळलं की बहुतेकदा तो निघून जातो. बाबा भारीच खूश झाले. म्हणजे तोही ग्रेडरच की, म्हणाले, आणि तिळाचा लाडू चहात बुडवून मऊ करत बसले.

आता तिला रांग मोडताना दिसली. माणसं बंड्या सोडून काट्याभोवती येत होती. ओरडत कोणीच नव्हतं, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच. शार्कही आधी नुसता फिरतो. मग बाजूचे पंख खाली पाडतो, पाठीला बाक देतो, आणि फेरा लहान होत जातो. सेवादासचे खांदे खाली पडले होते. त्यानं बंडीच्या कडेला खोचलेला दांडका, उभारी, उपसली. भोकातून निघताना लाकूड करकरलं.

"साहेब," तो म्हणाला, "माहा माल कोरडा हाये. एक डाव आखीन पाहा."

श्रीकृष्णरावांनी पेनाला टोपण लावलं, रजिस्टर काखेत मारलं, पुढची बंडी घ्यायला हमालाला सांगितलं आणि कचेरीकडे चालू लागले. सरकारी माणूस विषय संपवतो तो असाच, पाठ फिरवून.

पाठ दिसली आणि पहिला दगड आला. तो मानेवर बसला. दुसऱ्यानं कान फुटला. हमाल आडवा आला तर रांगेतल्या हिरासिंगनं त्याच्या पोटात लाथ घातली. रजिस्टर पायाखाली गेलं, कापसाचा ढीग तुडवला गेला, पांढऱ्यावर लाल शिंतोडे उडाले.

शाल्मलीनं डबा टाकला. ती धावली नाही. पाण्यात हातपाय झाडणारा आधी मरतो. ताठ चालत ती आत शिरली आणि बापाच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली.

"बाबा, पळू नका. तुम्ही तिकडचे सांभाळा, मी इकडचे पाहते."

समोर सेवादास. तिनं त्याच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. त्यानं उभारी हाणली. तिनं उघडा तळवा लावून ती बाजूला वळवली, शार्कचं नाक वळवतात तशी, न मारता. उभारी तिच्या खांद्यावरून पुढे गेली. बाबा नेमके तेव्हाच वळले होते. घाव त्यांच्या गालावर बसला.

ते गुडघ्यांवर आले. तोंडातून रक्त आलं, आणि रक्तासोबत काहीतरी कापसात पडलं. हिरासिंगनं ते उचललं आणि धोतराला पुसून हातावर धरलं. दातांची कवळी होती, वरची आणि खालची. नवीकोरी.

सगळे थांबले. सेवादास आपल्या बंडीपाशी गेला. तळातला कापूस काढून त्यानं एक सरकी तोंडात टाकली. कट्. दुसरी टाकली. कट्. साऱ्या आवारात ऐकू गेलं.

"साहेब," तो हळू म्हणाला, "या दातानं पाहून राह्यलते तुमी?"

श्रीकृष्णरावांनी तोंडावर हात धरला. तीस वर्षांची दाढ गेली हे त्यांनी घरीसुद्धा कोणाला कळू दिलं नव्हतं.

समोरच्याकडे पाठ करायची नाही, हे शाल्मली बारा वर्षं शिकवत आली होती. आता तिनं सेवादासकडे पाठ केली आणि बापासमोर बसली.

"बाबा, कधीपासून?"

त्यांनी तोंड फिरवलं. पण ती नजर हलवेना.

"दिवाळीपासून," बोळक्या तोंडानं ते म्हणाले.

तिच्यामागे, दिवाळीपासून माल परत गेलेल्यांच्या रांगेत, एका बंडीची उभारी करकरत निघाली. मग दुसऱ्या बंडीची. मग तिसरीची. तिनं वळून पाहिलं नाही.