चाळणीतले तीन खिळे

नात जन्मली त्या वर्षी म्हाताऱ्या सुताराचा गुडघा मोडला आणि तो मुलाकडे राहायला आला. "गुडघा बरा झाला की मी परत माझ्या दुकानात. तोवर माझं बाक तेवढं सांभाळ," असं त्यानं मुलाला दहादा बजावलं. चाळीस वर्षं ज्यावर रंधा मारला, ते सागवानी बाक.

बसून जीव रमेना, म्हणून त्यानं अंगणात टोमॅटो लावले. मुलाला म्हणाला, "लाकडाची राख मिळाली तर आण. रंग-पॉलिशच्या लाकडाची मात्र नको, झाडांना बाधते."

चार दिवसांनी मुलानं पोतं आणून टाकलं. "अस्सल सागवान, बाबा. रंगाचा थेंब लागलेला नाही!"

म्हातारा राख चाळायला बसला. "टोमॅटोंना पावडर लावून कुठं मिरवायला पाठवताय?" सून म्हणाली, तसा तोही हसला.

मग चाळणीत तीन काळे खिळे उरले. अंगठ्यानं पुसले तर पितळेचे निघाले. मापासाठी त्यानंच बाकाच्या कडेला वीत-वीत अंतरावर ठोकलेले.

"राख बरी आहे ना, बाबा?" मुलानं दारातून विचारलं.

"चांगली आहे," म्हातारा म्हणाला आणि खिळे खिशात टाकले.

टोमॅटो भरघोस लागले. दुकानालाही भाडेकरू मिळाला.

***

पहिले टोमॅटो तोडले त्याच आठवड्यात म्हातारा वारला. गुडघा तेव्हा अगदी ठणठणीत झाला होता.