वीस मिनिटं आणि अडीच तास

“गुरुवारी दुपारी तुझी सुट्टी असतेच की,” फोनवर फेरुच्चो म्हणाला. “तेव्हा जा.”

“माती बुधवारी आहे, साहेब.”

“मग मी काय करू? एका दिवसात बदली बाई कुठून आणू?” फोन बंद झाला.

विओरिका स्वयंपाकघरात उभीच राहिली. पहाटे तिची आई गेली होती. तिकडे रुमानियात, गावच्या घरात, उशाशी मेणबत्ती लावून तिला ठेवलं असणार. तिसऱ्या दिवशी माती. आणि एकुलती एक लेक इथे इटलीत, तोरिनोत, चौथ्या मजल्यावर, दुसऱ्याच्या आईला सांभाळत बसलेली. दाराला आतून कुलूप. फेरुच्चोच्या आई, सिन्योरा ओलिंपिया, एकदा झोपायच्या कपड्यांतच बाजारात पोचल्या, तेव्हापासून फेरुच्चोने किल्ली दोरीत ओवून विओरिकाच्या गळ्यात घातली होती. दोघींपैकी नक्की कोण कोंडलं गेलंय, हे तिला सहा वर्षांत उमगलं नव्हतं. आज उमगलं, आणि तिला रडू फुटलं.

“कोण गेलं?” टेबलापाशी बसलेल्या सिन्योरांनी विचारलं. कान अजून शाबूत होते.

“आई.”

सिन्योरांनी छातीवर क्रुसाची खूण केली. विमानाच्या तिकीट-खिडकीमागे त्यांनी तीस वर्षं काढली होती. सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण अंतरं अजून तोंडपाठ.

“गाव कुठलं गं तुझं?”

“याशजवळ.”

“तोरिनो ते याश. पंधराशे चाळीस किलोमीटर, अडीच तास. आणि फेरुच्चोच्या घरून इथे?”

“ट्रामने वीस मिनिटं.”

“शेवटचा कधी आला होता?”

विओरिकाने डोळे पुसले. “ईस्टरला.”

“आता?”

“नोव्हेंबर चालू आहे, सिन्योरा.”

“म्हणजे याशच जवळ पडतं. आण तो फोन.” सिन्योरांनी नंबर लावला. “फेरुच्चो, मी मरतेय रे,” एवढंच म्हणून फोन ठेवून दिला.

“अहो, असं अभद्र बोलतात का!”

“अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी हे खोटंही नसतं. याशला दुपारचं विमान असतं ना? बॅग भर.”

अठराव्या मिनिटाला बेल वाजली. विओरिकाने कुलूप काढलं. फेरुच्चो धापा टाकत आत आला. त्याच्या कोटाच्या खिशातून मयतीला घालायचा काळा टाय डोकावत होता. सिन्योरा दुधात पाव बुडवून खात होत्या.

“आई! तू तर...”

“विओरिका रविवारी परत येईल,” सिन्योरा म्हणाल्या.

विओरिकाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिने गळ्यातली दोरी काढली, फेरुच्चोच्या गळ्यात घातली आणि बॅग उचलून जिना उतरू लागली. तो किल्लीकडे बघतच राहिला.

सिन्योरांनी पावाचा दुसरा तुकडा बुडवला. “घाबरू नकोस रे. गुरुवारी दुपारी तुझी सुट्टी असतेच की.”