पाठीचं काम

“पाठीला बोलवा रे,” दिग्दर्शकाने हाक दिली, तशी ती लगबगीने आली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून खुर्चीत बसली.

मालिकेतली बाई एकच, पण तिच्यात दोघी राहायच्या. डॉक्टर त्याला आजार म्हणत. त्या दोघी समोरासमोर बसून बोलायच्या, तेव्हा दुसरीची नुसती पाठ दिसायची. ती पाठ हिची. कपडे नायिकेसारखे, केस नायिकेसारखे. नायिकेला उत्तर द्यायला कुणीतरी हवं म्हणून दबक्या आवाजात दोन शब्द बोलायचे, आणि तेही नंतर पुसले जायचे.

हिला त्याचं काही नव्हतं. प्रत्येक प्रसंगाची सुरुवात ठरलेली होती. नायिका पुढे वाकून अगदी मायेने विचारायची, “जेवलीस का गं?” खोटं का असेना, हिच्या डोळ्यांत बघून असं विचारणारं दुसरं होतं कोण? त्या एका वाक्यासाठी ही सकाळपासून तयार होऊन बसायची.

आज मात्र मालिकेतली बाई बरी होणार होती.

“जेवलीस का गं?”

“हो, जेवले.”

“मग आता तू जा,” नायिका म्हणाली. “मला एकटीला जमेल.”

हिचे खांदे हलायला लागले.

“कट. अहो बाई, पाठ रडतेय,” दिग्दर्शक वैतागला. “रडायचंय ते नायिकेला. तुम्ही तिच्या मनातल्या, खऱ्या थोड्याच आहात?”

सगळे हसले. हीसुद्धा हसली, न हसून सांगते कुणाला? दुसऱ्या खेपेला तिने दात आवळून धरले. प्रसंग पास झाला. टाळ्या पडल्या, नायिकेभोवती गर्दी झाली, जेवणं मांडली गेली. कपडे परत करून ही जरा वेळ दाराशी रेंगाळली. थांब म्हणणार तरी कोण? तिचा चेहरा तिथे कुणाच्या ओळखीचा नव्हता.

घरी येऊन तिने दिवा लावला. टेबलाशी बसली, पुढे वाकली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला हुबेहूब नायिकेच्या आवाजात विचारलं, “जेवलीस का गं?”

मग उठली आणि दाराकडे पाठ करून त्या खुर्चीत जाऊन बसली.

“हो, जेवले,” ती म्हणाली. खांदे तिने जराही हलू दिले नाहीत.