ऐकलेली वाक्यं

“‘सेट’चे एकेचाळीस अर्थ,” प्रमुखबाई म्हणाल्या, “आणि त्यातले सव्वीस एकट्या तुमच्या ताईंच्या चिठ्ठ्यांवर उभे.”

उपसंपादकाने मान हलवली. समोरच्या बुटाच्या खोक्यात चिठ्ठ्या ओळीने लावल्या होत्या. प्रत्येकीवर एक वाक्य, ते कोण बोललं, तारीख आणि ऐकणाऱ्याचं नाव. कपांचा सेट. गजर सेट करणं. हाड सेट होणं. ‘पोरगा सेट झाला, आता सुनेचं बघा.’ ‘त्या दोघांचं सेट आहे, घरी पत्ता नाही.’ ताईची सर्वांत जुनी चिठ्ठी अकरा वर्षांपूर्वीची, चौदा मार्चची.

उसन्या शब्दांच्या त्या कोशाचा नियम एकच होता. वाक्य स्वतःच्या कानाने ऐकलेलं हवं. वाचलेलं चालत नाही, रचलेलं तर नाहीच. मागे एका सहकाऱ्याने घरी बसून वाक्यं रचली होती. त्याची नोकरी गेलीच, शिवाय त्याने केलेलं अख्खं अक्षर कोशातून रद्द झालं.

“सोमवारी ‘स’ छापायला जाणार,” बाई म्हणाल्या. “त्याआधी ताईंचं सहीचं पत्र आणा. हे सगळं मी स्वतः ऐकलं, एवढंच. नाहीतर ‘स’ थांबवावा लागेल.”

“मी दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. मग ‘स’ कोण बघणार?”

“कोणीच नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर सांगतेय.”

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. पूर्वी तो वर्षातून दोनदा जायचा, तेही घाईत. मग एका भेटीत तिने सहज एक वाक्य पुढे केलं, पुढच्या खेपेला आणखी दोन. तेव्हापासून त्याचा गुरुवार चुकला नव्हता.

त्याने किल्लीने दार उघडलं. उठून दार उघडायला गुडघे ऐकत नाहीत, म्हणून तिने किल्लीच देऊन ठेवली होती. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीमागून शिट्टी देत होता. त्याने गॅस बंद केला. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने खांद्याला हात लावला तशी ती वळली.

“आलास, शहाण्या? बस. तिथे नको, खिडकीपाशी बस, उजेडात. आणि त्या मिशा काप रे. तोंड आहे की ब्रश?”

ती फार वाळली होती. डॉक्टरांनी आठवडे मोजायला सांगितलं होतं.

“आज काय आणलंस?” त्याने विचारलं. तो नेहमी असंच विचारायचा, जणू तीच बाहेरून आली होती.

“खालच्या मजल्यावरची परवा खिडकीतून बोलत होती. म्हणाली, ‘माणूस एकटा राहिला की सहा महिन्यांत सेट होतो. मग कोणी येऊन गेलं की घर अंगावर येतं.’ हे घे.”

त्याने लिहून घेतलं. सवय होऊन जाणं, असा अर्थ खोक्यात नव्हता. बेचाळिसावा.

त्याने पाणी आणायला उठून पाठमोऱ्यानेच पत्राचं सांगितलं. ती गप्प राहिली. नको असलेला प्रश्न न ऐकल्यासारखं करायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. तो परत खिडकीपाशी बसला आणि सगळं नीट, सावकाश सांगितलं. ‘स’ गेला तर अकरा वर्षं गेली, हेही सांगितलं.

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“आण,” ती म्हणाली. “कुठे सही करू?”

तिने पूर्ण नावाने सही केली. साक्षीदार म्हणून खाली त्याने सही केली.

“छापून झालं की येशील ना?” तिने विचारलं.

“म्हणजे काय. पुस्तक घेऊन येईन.”

“आणि नंतर?”

“नंतर ‘ह’ आहे ना,” तो म्हणाला. ती हसली.

सोमवारी प्रमुखबाईंनी पत्र फाइलला लावलं आणि नवी चिठ्ठी दोनदा वाचली. “हे वाक्य माणसाच्या तोंडचंच,” त्या म्हणाल्या. “बसून सुचत नाही असं.” त्यांनी ‘स’वर शिक्का मारला.

बुधवारी ताई गेली.

खालच्या मजल्यावरची बाई भेटायला वर आली. “खूप वर्षांची शेजारीण,” ती म्हणाली. “बोलणं असं कधी झालं नाही. पण खिडकीतून हात करायच्या रोज.”

त्याला वाटलं, दुःखात माणसं काहीही बोलतात.

पुढच्या गुरुवारी तो नेहमीच्या वेळी आला आणि कपाट आवरायला घेतलं. साड्यांखाली एक वही निघाली. तिच्यात फक्त ‘सेट’ची वाक्यं होती, खाडाखोड केलेली, काही चार-चार वेळा बदललेली. त्याने बराच वेळ स्वतःला समजावलं, की ऐकलेलं विसरू नये म्हणून ती लिहून ठेवत असेल.

मग वहीतून एक घडी घातलेला कागद पडला. दवाखान्याचा होता. वर ताईचं नाव, तारीख पाच मार्च, अकरा वर्षांपूर्वीची. खाली डॉक्टरांच्या अक्षरात तीनच ओळी होत्या.

दोन्ही कान पूर्ण निकामी. यंत्राचा उपयोग नाही. यापुढे काहीही ऐकू येणार नाही.