कोरडी चादर

म्हाताऱ्यांची घरी येऊन सेवा करणाऱ्या संस्थेची बाई पाहणीला आली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईची चादर तिने चाचपून पाहिली. "खडखडीत कोरडी! आमच्या सेविकेच्या हाताखाली चादर भिजतच नाही. आजी, तिच्याबद्दल काही तक्रार?"

सेविका उशाशीच उभी होती. लेक मनात म्हणाली, झालं, आता हिची धडगत नाही. आई तर देवाच्याही कामात खोट काढते.

"छे गं! पोटच्या पोरीपेक्षा बरी आहे," आई घाईघाईने म्हणाली. तिच्या सुकलेल्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"बघा, नशीब काढलंत!" बाई लेकीला म्हणाली.

लेकीने पाण्याचा पेला उचलला. "आई, घोटभर पाणी देऊ?"



आईने आधी सेविकेकडे पाहिलं.