चौथा कोपरा

सव्वासहाला जाग आली तेव्हा एब्बाने स्वतःला बजावलं, आज काहीही आवरायचं नाही. पलंग विस्कटलेलाच राहू द्यायचा, रात्रीच्या कपबशा ओट्यावर, पावाचा चुरा टेबलावर. मालेनेने काल निघताना तीन-तीनदा सांगितलं होतं. "उद्या नऊला मी पालिकेच्या बाईंना घेऊन येते. तेव्हा घर कसं दिसायला हवं? रात्रभर डुकरं नाचल्यासारखं! ऐकशील ना माझं?"

"ऐकीन गं बाई," एब्बा म्हणाली होती, आणि अगदी मनापासून म्हणाली होती.

खुबा मोडून एब्बा इस्पितळातून घरी आली, तेव्हापासून बारा आठवडे पालिकेची मदतनीस मालेने रोज सकाळी आठला येत होती. घर आवरून द्यायला नव्हे, चौऱ्याऐंशीच्या एब्बाला आपलं आपण आवरायला शिकवायला. पालिकेचा नियमच तसा. वीस मिनिटांचा पाठ होता. आधी खिडक्या उघडायच्या, मग पलंग, मग ओटा, मग लांब दांड्याच्या झाडूने केर, शेवटी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी. चादरीचे तीन कोपरे लवकर जमले. चौथा भिंतीकडचा, तिथवर वाकता येईना. मग मालेनेने युक्ती काढली. लाकडी उलथण्याने तो गादीखाली सारायचा. ज्या दिवशी तो जमला, त्या दिवशी दोघी इतक्या हसल्या की कॉफी गार होऊन गेली.

आता बारा आठवडे संपले होते. एब्बाला सगळं येतं असं पालिकेला दिसलं, की मालेनेचं येणं बंद. येत नाही असं दिसलं, तर ती येत राहणार. मालेने नसली की त्या घरात बोलायला फक्त रेडिओ उरायचा, आणि तो एब्बाचं काही ऐकून घेत नसे.

सात वाजेपर्यंत ती हाताची घडी घालून खुर्चीत बसली. पण परकी बाई घरात येणार आणि तिला न आवरलेला पलंग दिसणार? डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या त्या गावात पाहुणा यायचा म्हणजे लोक अंगणातलं पान न् पान वेचून ठेवतात. एब्बाची आई तर डॉक्टर येणार म्हणून अंगात ताप असताना उठून फरशी पुसायची. फक्त पलंग तेवढा, असं म्हणत एब्बा उठली. पलंग झाल्यावर कपबशा डोळ्यांत खुपायला लागल्या. कपबशा झाल्यावर चुरा. पावणेनऊला टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता, मेणबत्ती लावलेली होती आणि ओव्हनमधून ताज्या पावांचा वास येत होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय!

नऊला मालेने दार उघडून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. तिने टेबल पाहिलं, फरशी पाहिली, पाणी निथळणाऱ्या कुंड्या पाहिल्या.

"अगं एब्बा," ती म्हणाली. एवढंच.

पालिकेच्या बाई, बिर्गित त्यांचं नाव, स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी झोपायच्या खोलीत जाऊन चादरीवरून हात फिरवला. "वा! हे कुणी केलं?"

"मी," मालेने चटकन म्हणाली. "सकाळीच येऊन करून गेले. तिला नाही जमत अजून."

एब्बाची मान ताठ झाली. आयुष्यभर जिच्या घराकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, तिला जमत नाही?

"काय बोलतेस तू? सकाळपासून कुणी फिरकलेलं नाही इथे. सगळं मी केलंय, एकटीने. तो भिंतीकडचा कोपरासुद्धा! उलथण्याने."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. मालेने खिडकीबाहेर बघत उभी होती.

"अभिनंदन!" बिर्गितबाईंना खरोखरच आनंद झाला होता. त्यांनी एब्बाचा हात दोन्ही हातांत घेतला. "सोमवारपासून तुम्ही मोकळ्या. रोज सकाळी कुणाची वाट बघत बसायला नको."

त्यांनी कॉफी घेतली, दोन पाव खाल्ले, लोणी छान आहे म्हणाल्या आणि सहीसाठी कागद पुढे केला. एब्बाने वळणदार सही केली. तीही तिला वाईट करता आली नाही.

बाई गाडीत जाऊन बसल्या. मालेने दाराशी कोटाची बटणं लावत राहिली.

"सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता मला पालिका पलीकडच्या गावातल्या आजोबांकडे पाठवेल."

"ते आवरतात का काही?"

"पायातले मोजे काढले की तिथेच. उचलायचं नाव नाही."

"भाग्यवान आहे मेला," एब्बा म्हणाली.

दोघींनाही हसू आलं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न हलकेच वाजला. मालेनेने निरोपासाठी हात पुढे केला, पण एब्बाने तो घेतला नाही. ती वळली आणि काठी टेकत टेकत झोपायच्या खोलीकडे निघाली. मालेने तिच्या मागोमाग गेली.

एब्बाने पलंगापलीकडे, भिंतीच्या बाजूला काठी घातली. गादीखाली घट्ट बसलेला तो चौथा कोपरा काठीच्या टोकाने उचकटला, आणि ओढून ओढून पार बाहेर काढला.

"हा काही मला नीट जमत नाही गं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा दाखवतेस?"

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. मालेनेने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि उलथणं आणायला स्वयंपाकघरात गेली.