घरचं दार

पक्षाने प्रचारासाठी दिलेल्या चष्म्यातून दाराकडे पाहिलं की आतल्या माणसांची मनं कळत. घरात विरोधी मताचं एक जरी माणूस असलं, तरी दार लाल दिसे. सकाळपासून दिगंबर घुल्यांनी आळीतली लाल दारं हौसेने पक्षाला कळवली होती. जेवायला घरी आले, चष्मा न काढताच त्यांनी दार लावलं, तर तेही लाल.

“मंदा, मत कुणाला देणार आहेस?” त्यांनी बायकोला विचारलं.

“तुम्ही सांगाल त्याला. आजवर दुसरं काय केलंय?”

“खोटं बोलू नकोस! वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या मी, आणि माझ्याच घरात फितुरी?”

मंदाकिनीने वाढलेलं ताट तसंच ठेवलं, चपला घातल्या आणि ती बहिणीकडे निघून गेली.

दिगंबररावांनी आतून कडी घातली. घरात आता ते एकटेच होते.

दार अजून लालच होतं.